बिननंबरचा साप

ऐक ना. ती कपबशी आधी खाली ठेव, सांडशील, आणि फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, मी सगळं क्रमाने सांगणार आहे. म्हणजे तसा प्रयत्न तरी करणार आहे.

तर आमची ताई. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते हे तुला माहितीच आहे, आणि फोन आला की साप धरायचा आकडा आणि कापडी पिशवी घेऊन सुटते. कोणाच्या न्हाणीघरात साप, कोणाच्या बुटांच्या कपाटात साप, कोणाच्या स्कूटरच्या डिकीत साप. पकडते, ओळखते, जवळच्या झाडीत सोडून येते, हात स्वच्छ धुते आणि पुन्हा सुया घेऊन बसते. आई म्हणते, लोकांना घाबरवायला हिला एक काम पुरत नाही.

आणि मी साप रंगवते. हसू नकोस, त्याला डोकं लागतं. सायकलची जुनी ट्यूब घ्यायची, आत बारीक वाळू भरायची, टोकं शिवून टाकायची. मग कांद्याच्या पिशवीची जाळी असते ना, ती घट्ट गुंडाळायची आणि त्या जाळीवरून स्पंजने रंग थापायचा. वाळल्यावर जाळी काढली की खाली खवलेच खवले. डोळ्यांच्या जागी काळे मणी शिवते. हातात घेतलास तर असा गारढोण आणि जड लागतो की आमच्या मावशीने एकदा न बघता सोफ्यावर हात टेकला आणि… जाऊ दे, ते वेगळं प्रकरण आहे.

हे साप लागतात ताईच्या कार्यक्रमाला. साप शोधा, साप ओळखा. आमच्या घराजवळची मोठी बाग आहे ना, तिथे रविवारी सकाळी. आम्ही आधी जाऊन माझे साप कुंड्यांमागे, दगडांखाली, पाइपाच्या वेटोळ्यात लपवतो, मग लोक येतात आणि शोधत फिरतात. प्रत्येकाच्या शेपटीजवळ पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. दिसला की नंबर बघायचा आणि कागदावर सापाचं नाव लिहायचं, बस. हात लावायचा नाही. हे ताई सुरुवातीलाच घसा ताणून सांगते. दिसला की थांबायचं, मागे सरायचं, लांबूनच बघायचं. कोणीतरी हमखास म्हणतं, अहो पण रबराचाच आहे ना. त्यावर ती म्हणते, हाताला कुठे कळतं रबराचा की खरा, हाताला जी सवय लावाल ती लागते. लोक माना डोलावतात. माना डोलावणं फुकट असतं.

आता खरी गोष्ट. ताईचं लग्न ठरत होतं. म्हणजे तिचं आणि त्यांचं कधीच ठरलं होतं. ते पोहायला शिकवतात, आणि मी त्यांना आधीपासूनच भावोजी म्हणते, कारण म्हटलं की त्यांचे कान लाल होतात. आमच्या घरून हो होतं. त्यांच्या आईकडूनही हो होतं, काकूंनी तर साडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. घोडं अडलं होतं ते काकांपाशी.

काका म्हणजे भावोजींचे वडील. घड्याळजी. एवढंसं दुकान, त्यात भिंतभर घड्याळं, आणि कपाळावर ते काळं भिंग, कायम. चहा पितानासुद्धा कपाळावरच. माणूस सोन्यासारखा, हळू बोलणारा. त्यांचा हात बघशील तर बघतच राहशील, एखादी वस्तू उचलली तर त्या वस्तूला कळत नाही की आपल्याला उचललंय. पण दुकानात पाल दिसली की शटर अर्धं ओढून रस्त्यावर उभे राहतात आणि गिऱ्हाइकालाच आत पाठवतात, बघा हो गेली का. आता अशा माणसाची सून कोण, तर आमची ताई.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईने दाराआडचा आकडा लपवायचा म्हणून न्हाणीघरात ठेवला, आणि काका नेमके हात धुवायला तिथेच गेले. बाहेर येऊन विचारलं, ही कसली काठी. बाबा म्हणाले, पडदे सरकवायची. ताई म्हणाली, सापाची. झालं. काकांनी जे पाय वर घेतले ते निघेपर्यंत खाली टेकवले नाहीत. खुर्चीत मांडी घालून बसले, चहा तसाच राहिला. जाताना चप्पल आधी उलटी करून झटकली. आणि दुसऱ्या दिवशी भावोजींकडून निरोप आला, की मुलगी चांगली आहे, स्वभावाने मोकळी आहे, पण ज्या हाताने ती साप धरते त्याच हाताने आमच्या घरात वाढणार, ते काही माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

ताई वरून म्हणाली ठीक आहे. पण ती सकाळी दात घासताना गुणगुणते ना, ते बंद झालं. आमच्या घरात ते बंद झालं की सगळ्यांना कळतं.

मग भावोजींनीच डोकं चालवलं. घरी जाऊन म्हणाले, बाबा, रविवारी बागेत कार्यक्रम आहे, सगळे साप रबराचे, एकदा फक्त येऊन बघा ती काय करते ते. काकांनी दोनदोनदा विचारलं, रबराचेच ना? रबराचेच. एकही खरा नाही? एकही नाही. तर म्हणाले, येतो. बघतो, आणि हो की नाही ते तिथेच सांगून टाकतो, उगाच पोरीला टांगून ठेवायला नको.

म्हणजे बघ, सगळा निकाल त्या एका सकाळवर. मी आठवडाभर बसून सगळ्या सापांना नवा रंग दिला. नागाचा फणा पुन्हा शिवला. म्हटलं, घड्याळजींची नजर आहे, टाका उसवलेला दिसायला नको.

रविवारी सॉलिड थंडी होती. गवतावर दव, तोंडातून वाफा. काका आले, गळ्यात मफलर, कपाळावर भिंग, आणि पायात पावसाळी गमबूट. ऊन पडलेलं, आभाळ निरभ्र, आणि हा माणूस गुडघ्यापर्यंत गमबुटात. भावोजी माझ्याकडे बघेनात. मीही त्यांच्याकडे बघेना, कारण बघितलं असतं तर संपलंच होतं.

सुरुवातीला काका ताईच्या मागे मागे, अगदी दबकत. पहिला साप दिसला, धामण होती, कुंडीमागे. काका थांबले, लांबूनच वाकले, डोळे बारीक केले. आणि म्हणाले काय माहितीये? शिलाई चांगली आहे. ताईने सांगितलं, धाकटीचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तशी, कारागिराने कारागिराला हलवावी तशी. मी तिथेच दोन इंच वाढले.

मग हळूहळू रंगलेच ते. गमबूट फताक फताक करत पुढे पुढे जायला लागले. एक साप त्यांनी सगळ्यांच्या आधी शोधला, पाइपाच्या वेटोळ्यातला, आणि बाकीच्यांना बोलवून दाखवला. भावोजींनी मला कोपर मारलं. मी त्यांना परत मारलं. वाटलं, जमलं बहुतेक.

त्यानंतर ताई सगळ्यांना घेऊन तळ्याच्या बाजूला गेली, भावोजीही गेले, आणि मी फाटकाजवळच्या टेबलावर कागद जमा करायला बसले. एकटीच. टेबलावर पेनं, पाण्याची बाटली, आणि ताईची रिकामी कापडी पिशवी, जी ती असेल तिथे सोबत नेतेच. तर समोरून काका येताना दिसले. कळपातून मागे राहिलेले. आणि दोन्ही हातांत साप.

माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हे, की घ्या, सांगितलं होतं ना हात लावायचा नाही. त्यांनी येऊन तो माझ्यासमोर धरला. शेपूट उजव्या मुठीत, अंग डाव्या तळहातावर, डोकं मोकळं. आणि ते चक्क हसत होते. म्हणाले, दगडी बाकाखाली पालापाचोळ्यात अर्धा पुरलेला होता, छान लपवलास, पण पोरी, एक बोलू का? हा काही तुझ्या बाकीच्यांसारखा जमला नाही. रंग मळकट आलाय, धूळ बसल्यासारखा. आणि डोळे तर पार बिघडवलेस. निळसर पांढरं काय फासलंयस त्यात, मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतंय.

मला असा राग आला म्हणून सांगू. मी फासत नाही, मी मणी शिवते. काळेभोर, एकसारखे, दुकानात जाऊन निवडून आणलेले. मी तोंड उघडलं तेच सांगायला, की काका, माझ्या एकाही सापाला निळे डोळे…

आणि तोंड उघडंच राहिलं.

कारण माझ्या एकाही सापाला निळे डोळे नव्हते. सापाचे डोळे निळसर दुधाळ कधी होतात, तर तो कात टाकायच्या बेतात असला की. अंगाचा रंगही तेव्हाच मळतो. ताईने शंभरदा सांगितलंय मला. काकांच्या हातात जे होतं ती ट्यूब नव्हती गं. थंडीने आखडलेला, जिवंत साप होता, आणि तो धरून उभा होता पालीला घाबरणारा माणूस, ज्याला आम्ही शपथेवर सांगितलं होतं की एकही खरा नाही.

आणि काका म्हणतायत, शिवाय याला नंबरच नाही.

आता मला कळायला हवं होतं की हा आहे कोण. तपकिरी, अंगावर मोठे मोठे डाग, जाडजूड, आखूडसा. म्हणजे दोनच शक्यता. एक घोणस, चावली तर थेट हॉस्पिटल. नाहीतर डुरक्या घोणस, नाव भीतिदायक, दिसायला तिच्यासारखाच, पण विषबिष काही नाही, बिचारा मातीत तोंड खुपसून पडणारा. डाग बघून कळतं एरवी, पण याचे डाग त्या मळक्या कातीखाली विरून गेलेले. डोक्यावरून कळतं, घोणशीचं त्रिकोणी असतं. पण खरं सांगू, घाबरल्यावर मला सगळ्यांचीच डोकी त्रिकोणी दिसतात. त्या क्षणी काकांचंसुद्धा दिसत होतं.

उरली शेपूट. आणि ते मला पाठ आहे, कारण मी दोन्ही बनवलेत. घोणशीची शेपूट निमुळती होत जाते, तिच्यासाठी मला ट्यूब तिरकी कापून शिवावी लागली होती, बोटांना सुया टोचून घेतल्या होत्या मी. आणि डुरक्याची शेपूट म्हणजे आखूड, बोथट, खरखरीत, कोणीतरी मध्येच कात्री मारल्यासारखी. तीन टाक्यांत काम. तेव्हा शेपूट दिसली की संपलं. पण शेपूट काकांच्या मुठीत.

ओरडले असते तर त्यांनी झटकला असता. झटकला असता तर तो चावला असता, विषारी असो नाहीतर नसो. म्हणून मी माझा तो परीक्षेत कॉपी सापडल्यावरचा आवाज असतो ना, एकदम साधा, तो काढला आणि म्हटलं, "काका, नंबर शेपटीजवळ असतो. मुठीखाली झाकला गेला असेल. जरा हळूच मूठ उघडता?"

त्यांनी मूठ उघडली. एक एक बोट. तुला सांगते, मला देव आठवला, शाळेतल्या बाई आठवल्या, ट्यूब देणारा सायकलवाला आठवला. शेवटचं बोट उघडलं आणि तळहातावर ती शेपूट. आखूड. बोथट. कात्री मारल्यासारखी.

डुरक्या. मला असं वाटलं की टेबलावरच डोकं ठेवून झोपावं.

काका म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं मी? नाहीच आहे नंबर.

आता विषाची भीती गेली, पण बाकीचं तसंच. सांगितलं तर हा माणूस इथेच कोसळणार. आणि नाही कोसळला तरी त्यांच्या दृष्टीने आम्ही कोण, तर एकही खरा नाही म्हणून बोलवून हातात खरा देणारे. लग्न तर राहिलंच. मी ती कापडी पिशवी उचलली, तोंड उघडून समोर धरली आणि म्हटलं, बिननंबरचा आहे ना, बाद झाला, टाका यात. वाटलं, संपेल दोन सेकंदांत, कोणाला काही कळायचं नाही.

तर ते टाकेनातच. म्हणाले, थांब, मी काय म्हणतो, हा मला दे. बाकीच्यांना लोक बघतील, याला कोण बघणार असल्या डोळ्यांनी? मी घरी नेतो, चांगले काचेचे डोळे बसवून देतो, माझ्याकडे बारीक काचा पडून असतात. आणि असं म्हणून मफलर सोडायला लागले, त्यात गुंडाळून नेण्यासाठी. मी म्हटलं नको काका, ते म्हणाले त्यात काय एवढं, आता घरचीच माणसं ना आपण.

घरचीच. ऐकलंस ना? तो होच होता. तोंडातून निघालेला हो. हातात डुरक्या घेऊन.

आणि एवढ्यात तो हलला. काकांच्या हाताची ऊब लागली होती ना त्याला. जरासाच, अंगातून एक लाट गेल्यासारखी. जीभ बाहेर, जीभ आत. मी पिशवी आणखी पुढे केली. काका मात्र थांबले, भुवया वर, आणि चेहरा असा उजळला की मी तुला कसा सांगू. म्हणाले, "आत यंत्र बसवलंयस?"

आणि मी म्हटलं, हं.

काय करू? निघून गेलं तोंडातून. पुढे विचारलं, बॅटरीवर आहे का, मी म्हटलं, हं. तर म्हणाले, मग आवाज कसा नाही येत? आणि तो साप उचलून त्यांनी कानाला लावला. अगं, घड्याळ लावतात तसा. डोळे मिटून, मान किंचित कलती करून, टिकटिक ऐकत.

नेमकी तेव्हाच ताई आली. तळ्याकडून, मागे भावोजी, बाकीची मंडळी लांब. तिला समोर काय दिसलं असेल विचार कर. होणारे सासरे, गमबूट, मफलर अर्धा सुटलेला, आणि कानाला जिवंत डुरक्या. ती लांबूनच थबकली. एका नजरेत तिने शेपूट बघितली, डोळे बघितले, मला बघितलं. मी ओठ न हलवता जेवढं ओरडता येईल तेवढं डोळ्यांनी ओरडले, गप्प राहा, फक्त पिशवीत घे आणि गप्प राहा. भावोजींनी तर मागून दोन्ही हात जोडले तिला. त्यांनाही कळलं होतं. त्यांचे कान पांढरे पडलेले मी पहिल्यांदा बघितले.

काकांनी डोळे उघडले, ताईला बघून खूश झाले आणि म्हणाले, बरं झालं आलीस, तुझी बहीण म्हणते हा बॅटरीवर आहे, पण मला आत काहीच ऐकू येत नाही, बिघडलाय वाटतं.

आता बघ, काय सोपं होतं. हो काका, बिघडलाय. एवढंच. तीन शब्दांत लग्न.

ताई चालत त्यांच्याजवळ गेली. शेजारी उभी राहिली, हात त्यांच्या हाताखाली ओंजळीसारखा धरला, न लावता. आणि म्हणाली, "काका, बिघडलेला नाही. खरा आहे. विषारी नाही, आणि तुम्ही त्याला फार छान धरलंय, अजिबात दाबलेलं नाही. असाच धरून ठेवा. झटकू नका."

लांब तळ्याकडे कोणीतरी हसत होतं. काकांच्या तोंडावरचा रंग वरून खाली उतरत गेला, पडदा सोडल्यासारखा. मी पिशवी इतकी घट्ट धरली होती की माझीच नखं मला रुतली. वाटलं, आता टाकणार. आता टाकणार.

नाही टाकला. गमबुटातले पाय थरथरत होते, बुटांचा फडफड आवाज येत होता, पण मनगटाच्या पुढे हात असा स्थिर, जसा घड्याळाचा एखादा सुटा काटा धरलाय. आयुष्यभर त्या माणसाने हातातली वस्तू खाली पडू दिलेली नाही. बहुतेक हातांना घाबरायला कोणी शिकवलंच नव्हतं, बाकीचा माणूस घाबरत होता. मग ते म्हणाले, "डोळे असे का मग?"

ताई म्हणाली, कात टाकणार आहे. डोळ्यांना पापणी नसते त्याच्या, वर पारदर्शक खवला असतो, कातीबरोबर तोही निघतो. तोवर दिसत नाही त्याला नीट. मग खाली नवा, स्वच्छ.

काकांनी सापाकडे बघितलं. साप तर काही बघत नव्हताच बिचारा.

"म्हणजे काच बदलतो," काका म्हणाले.

ताई म्हणाली, हो, काचच बदलतो.

मग मी पिशवी पुढे धरली, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने आत ठेवला. ठेवला हं, टाकला नाही. ताईने तोंड बांधलं. आणि तिने गाठ मारली त्याच क्षणी काका सरळ खाली बसले. खुर्ची होती, पण खुर्चीपर्यंत पोचलेच नाहीत, दवाने भिजलेल्या गवतावर फतकल मारून बसले. भावोजी पाणी घेऊन धावले. अर्धी बाटली त्यांनी प्यायली, अर्धी मफलरवर गेली. ताईने त्यांचे दोन्ही हात उलटसुलट करून तपासले, कुठे ओरखडा आहे का, आणि तो नाही हे बघितल्यावर मात्र बोलली, की काका, हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. आज डुरक्या निघाला. नेहमी डुरक्या नसतो.

ते भिजलेला मफलर पिळत ऐकून घेत होते. मला वाटलं, गेलं सगळं. ताईलाही वाटलं असणार, कारण ती उठून पिशवी घेऊन बाजूला उभी राहिली, निकालाला उभं राहावं तशी. आणि मनातल्या मनात मी तिला एवढ्या शिव्या घातल्या, काय नडलं होतं हिला.

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. "आणि तू गं? बॅटरी?"

मी गवताकडे बघितलं. गवत छान होतं.

मग ते जरा वेळ कपाळावरचं भिंग चाचपत बसले आणि म्हणाले, बायका येतात दुकानात, वडिलांचं घड्याळ घेऊन, आठवणीचं, आत सगळं गंजून गेलेलं असतं. विचारतात, काका, चालेल ना? मी आपला म्हणतो, बघू, चालेल. कोणाचं तोंड उतरलेलं बघवत नाही मला. ही नसती म्हणाली. ही म्हणाली असती, नाही चालणार, पण नीट धरा. असं म्हणून स्वतःशीच हसले. आणि भावोजींचा हात धरून उठता उठता म्हणाले, "एक आहे. तो आकडा आणि पिशव्या घरात नकोत. दुकानाच्या मागे खोपटं आहे, तिथे ठेवायचं सगळं."

कोणाला काही कळेना. भावोजी म्हणाले, कोणाच्या दुकानाच्या मागे? काका म्हणाले, तुझ्या होणाऱ्या बायकोला किती सासरे आहेत?

अगं, भावोजींचे कान. ट्रॅफिक थांबली असती.

साप आम्ही ऊन तापल्यावर, सगळे पांगल्यावर, होता तिथेच बाकामागच्या पाचोळ्यात सोडला. घर त्याचंच होतं, आम्हीच त्याच्या घरात वाळूच्या ट्यूबा टाकल्या होत्या. काका बघायला थांबले, पार फाटकापाशी, आणि तिथून भिंग लावून बघत होते. त्या भिंगातून वीतभर अंतरापलीकडचं काही दिसत नाही, हे त्यांनाच जास्त माहिती. पण लावलं होतं.

पुढच्या आठवड्यात ताईला त्याच बाकाजवळ कात सापडली. अख्खी, डोक्यासकट, डोळ्यांच्या दोन काचा जागच्या जागी. दुकानात नेऊन दिली. काकांनी आधी विचारलं, त्याचीच का? ताई म्हणाली, जात तीच आहे, तोच असेल असं छातीठोक नाही सांगू शकत. काका म्हणाले, हे तू सांगणारच. आणि एक काच चिमट्याने अलगद सोडवून त्यांनी घड्याळाच्या डबीत ठेवली. आता गिऱ्हाईक आलं की दाखवतात. पाल आली की मात्र शटर अजून अर्धं, आणि गिऱ्हाईक आत.

ताई पुन्हा गुणगुणते. बेसूर. आम्ही कोणी काही बोलत नाही.

पण मला एक सारखं वाटतं बघ. ते तसे निघाले म्हणून निभावलं. हातातून टाकला असता तर? चावला असता तर? तिथल्या तिथे नाही म्हणाले असते तर? ताईच्या जागी मी असते तर सरळ हो म्हणाले असते, बॅटरी, बिघडली, द्या इकडे, चला चहाला. मला आताही वाटतं मी तेच केलं असतं, आणि ताईला विचारलं की ती म्हणते, मग पुढच्या वेळी त्यांनी खरी घोणस कानाला लावली असती. हो, आता घे ती कपबशी. आणि सांग, अगदी खरं सांग हं. तू असतीस तिथे, समोर तो माणूस असा डोळे मिटून, कानाला साप लावून, इतका खूश… तू काय केलं असतंस?